पेल्यातील बर्फ आणि ओकसात्म्य

महाराष्ट्रातील कोणत्याही उपाहारगृहात टेबलाशी बसताच वेटरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘साधे पाणी की थंड?’ हा प्रश्न आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही विशेष आहे असे वाटत नाही. अमेरिकेत मात्र तो कोणी विचारीत नाही. तेथे निम्मा पेला बर्फाने भरून, वर पाणी ओतून, न मागताच समोर ठेवला जातो. मग बाहेर हिमवर्षाव चालू असला तरी त्यात खंड पडत नाही. चीनमधील जुन्या वळणाच्या खानावळीत तितक्याच सहजपणे गरम पाणी किंवा गरम चहा येतो. जर्मनीत पाणी बहुधा विकत घ्यावे लागते; ते गार असते, पण त्यात बर्फ क्वचितच असतो. या तिन्ही देशांत कडक हिवाळ्याचे प्रदेश आहेत आणि उन्हाळाही आहे. म्हणजे बर्फाची आवडनिवड केवळ हवामानावरून ठरत नाही, हे उघड आहे.

हा विषय वैद्यकीय त्रैमासिकात आणण्याचे कारण व्यावहारिक आहे. आपल्यापैकी अनेकांच्या पथ्यपत्रकावर ‘थंड पाणी, बर्फ, शीतपेये वर्ज्य’ ही ओळ छापलेलीच असते. रुग्ण कोण, कोठला, व्याधी कोणता, ऋतू कोणता याचा विचार होण्यापूर्वीच ती त्याच्या हाती पडते. परिणाम दोन प्रकारचे दिसतात. टेक्सासमध्ये नोकरी करणारा आपला तरुण रुग्ण दूरध्वनीवर ‘हो’ म्हणतो आणि ती ओळ सोडून देतो. तिच्याबरोबर पथ्याच्या उरलेल्या ओळीही जातात. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. विदर्भात वैशाखात एखाद्या वृद्ध मातोश्री वैद्यांची आज्ञा म्हणून माठाचे पाणीसुद्धा टाळतात, कोमट पाणी घशाखाली उतरत नाही म्हणून ते कमी पितात, आणि मूत्रकृच्छ्र, भ्रम, ग्लानी घेऊन दवाखान्यात येतात. पथ्य तंतोतंत पाळले गेलेले असते. पाणी मात्र कमी पडलेले असते. ज्या शास्त्राच्या नावाने हे पथ्य सांगितले जाते, त्या शास्त्राचे म्हणणे खरोखर एवढे सरसकट आहे का, हे पाहणे आवश्यक वाटते.

ग्रंथांतील शीतजल

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील द्रवद्रव्यविधी अध्यायात पाणी थंड करण्याचे सात उपाय दिले आहेत. वाऱ्यात ठेवणे, पात्र पाण्यात ठेवणे, काठीने ढवळणे, पंख्याने वारा घालणे, वस्त्राचा उपयोग करणे, वाळूत ठेवणे आणि शिंक्यात टांगणे. या सातांत बर्फ नाही. याचा अर्थ आचार्यांना बर्फ ठाऊक नव्हता असा नव्हे. त्याच अध्यायात आंतरिक्ष जलाचे धार, कार, तौषार आणि हैम असे चार प्रकार सांगितले आहेत. धार म्हणजे पावसाचे, कार म्हणजे गारांचे, तौषार म्हणजे दवाचे व धुक्याचे आणि हैम म्हणजे हिमाचे. त्यांत लघुत्वामुळे धार श्रेष्ठ मानले आहे. भावप्रकाशात गारांचे पाणी रूक्ष, गुरू, पित्तहर, परंतु कफवातकर म्हटले आहे. द्रव्य ज्ञात होते, त्याचे गुणही नोंदलेले होते. पिण्याचे पाणी गार करण्याचे साधन म्हणून मात्र ते पुढे आलेले नाही.

त्या सात उपायांकडे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्यांतील बहुतेक बाष्पीभवनावर आधारलेले आहेत. वारा, पंखा, ओले वस्त्र, उंचावर टांगलेले शिंके, या सर्वांचे कार्य पाण्याचा अंश हवेत उडवून उरलेल्या पाण्याची उष्णता काढून घेण्याचे आहे. आपला माठ आणि रांजण याच कुळातले. या पद्धतीला मर्यादा आहे ती हवेतील आर्द्रतेची. नागपूरच्या कोरड्या हवेत पारा ४४ अंशांवर असताना माठातील पाणी जितके गार होते, तितके मुंबईच्या ३४ अंशांच्या दमट हवेत होत नाही. जांगल देशात माठ पुरतो, आनूप देशात तो अपुरा पडतो. मुंबईकर माणूस बर्फाच्या गोळ्याकडे अधिक ओढला गेला यामागे चैनीबरोबर हेही एक कारण असावे, असे मला वाटते.

शीतजलाच्या उपयोगाविषयी ग्रंथांची भूमिका निःसंदिग्ध आहे. अष्टांगहृदयात मदात्यय, ग्लानी, मूर्च्छा, छर्दी, श्रम, भ्रम, तृष्णा, दाह, पित्त, रक्तविकार आणि विष यांत थंड पाणी हितकर सांगितले आहे. उष्णजल दीपन, पाचन, कंठ्य, लघू आणि बस्तिशोधन असून उचकी, आध्मान, वात, कफ, नवज्वर, कास, आम, पीनस, श्वास व पार्श्वशूल यांत ते द्यावयाचे. ग्रीष्मचर्येत वाग्भटाचार्यांनी नव्या मृत्पात्रातील पानके आणि पाटलापुष्पांनी व कापराने सुगंधित केलेले अतिशीतल पाणी सांगितले आहे. अनुपानाच्या प्रकरणात तर जव, गहू, दही, मद्य, विष आणि मध यांवर थंड पाणी, आणि पिष्टमय पदार्थांवर कोमट पाणी असा स्पष्ट भेद केला आहे. पोळी खाऊन वर माठाचे पाणी पिणाऱ्या रुग्णास आपण रागे भरतो, तेव्हा हे वचन आठवावे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात, अग्निवेशाने आत्रेयांना नेमके हेच विचारले आहे की, ज्वरितास वैद्य बहुधा उष्ण पाणीच का देतात, थंड का देत नाहीत? उत्तरात ज्वराचे आमाशयसमुत्थत्व, पाचनाची गरज आणि उष्णजलाने होणारे वातानुलोमन यांची कारणपरंपरा येते. आणि लगेच अपवादही येतो. पित्त फार वाढलेले असेल, दाह, भ्रम, प्रलाप, अतिसार असेल तर तेथे उष्णजल देऊ नये. शिष्याने कारण विचारावे आणि गुरूने मर्यादेसह ते सांगावे, असा हा प्रसंग आहे. आपल्या छापील ओळीत कारणही नसते आणि मर्यादाही नसते.

मग शास्त्राचा आक्षेप आहे तरी कशावर? चिकित्सास्थानात कुष्ठाच्या हेतूंमध्ये एक उल्लेख या दृष्टीने महत्त्वाचा आहे. उन्हाने, श्रमाने वा भयाने पीडित असताना जो ‘द्रुत’ म्हणजे तत्काळ थंड पाण्याचे सेवन करतो, त्याच्या ठिकाणी व्याधीचे बीज पडते. सुश्रुतांनी नेत्ररोगांच्या हेतूंत उन्हाने तापलेल्याने एकदम पाण्यात शिरणे सांगितले आहे. दोन्ही ठिकाणी दोष थंड पाण्याचा नाही. तो एका अवस्थेतून विरुद्ध अवस्थेत क्रम सोडून जाण्याचा आहे. तेच पाणी अर्धा तास सावलीत बसून, घाम निवल्यावर, घोटाघोटाने घेतले तर ते श्रमहर व दाहहर होते. माझ्या मते या संपूर्ण विषयाची किल्ली या एका शब्दात आहे. ‘थंड घेऊ नका’ याऐवजी ‘तापलेले असताना एकदम घेऊ नका’ असे सांगितले तर ते शास्त्राला अधिक धरून होते, आणि रुग्णालाही पाळता येते.

बर्फ आपल्याकडे आला कसा

भाषेकडे पाहिले तरी इतिहास दिसतो. मराठीत गार आहे, गारा आहेत, हिम आणि तुषार संस्कृतातून आलेले आहेत; पण पेल्यात घालावयाच्या वस्तूला आपण ‘बर्फ’ म्हणतो, आणि तो शब्द फारसी आहे. इराणात वाळवंटाच्या कडेला ‘यखचाल’ नावाची जाड मातीच्या भिंतींची घुमटाकार बर्फघरे होती. हिवाळ्यात साठविलेला बर्फ त्यांत उन्हाळ्यापर्यंत टिके, आणि सरबत व फालुदा त्यावर चाले. उत्तर हिंदुस्थानात ही आवड दरबारातून आली. आईन-ए-अकबरीत सोऱ्याने पाणी गार करण्याची कृती दिली असून, १५८६ पासून, दरबार पंजाबात असताना, पहाडांतून बर्फ आणविला जाऊ लागल्याचे म्हटले आहे. बंदुकीच्या दारूतील सोरा पाणी गार करण्याच्या कामी यावा, हे अबुल फजललाही नवलाचे वाटले होते.

डोंगर जवळ नसलेल्या ठिकाणी दुसरी युक्ती होती. रॉबर्ट बार्कर याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे अलाहाबादकडील बर्फनिर्मितीचे वर्णन मांडले. हिवाळ्यात निरभ्र रात्री उथळ मातीच्या परळांत उकळून निवविलेले पाणी घालून ती गवताकाडाच्या थरावर उघड्यावर मांडीत. हवेचे तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही पहाटे परळांत बर्फाचा पापुद्रा धरे. तो गोळा करून खड्ड्यात दाबून साठवीत. ही स्वदेशी कारागिरी आज जवळजवळ विस्मृत झाली आहे.

तिचा अस्त ज्यामुळे झाला तो व्यापार विलक्षण होता. बोस्टनचा फ्रेडरिक ट्युडर गोठलेल्या तळ्यांतील बर्फ करवतीने कापून, भुशात बांधून उष्ण देशांत विकत असे. १८०६ मध्ये त्याने पहिली खेप वेस्ट इंडीजमधील मार्टिनिकला पाठविली. १८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि विषुववृत्त दोनदा ओलांडून सप्टेंबरात कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढील वर्षी मुंबईलाही असा बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी त्या सुमारास दिलेल्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले, आणि काही दिवसांतच यजमान व पाहुणे या दोघांनाही पडसे झाले, परदेशी पदार्थ खाल्ल्याचे हे उचित फळ मिळाले, अशी टिप्पणी मुंबई समाचारने केली, असे मुंबईच्या इतिहासकारांनी नमूद केले आहे. बर्फजन्य प्रतिश्यायाची मुंबईतील ही बहुधा पहिली छापील नोंद असावी! त्या वार्ताहराने निदान हेतू आणि व्याधी यांचा संबंध तरी जोडला होता.

१८४० च्या दशकात मुंबईच्या फोर्ट भागात बर्फ साठविण्यासाठी घुमटाकार बर्फघर उभे राहिले. ते आज नाही. मद्रासचे मात्र समुद्रकिनाऱ्यावर अद्याप उभे आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद त्या वास्तूत मुक्कामास होते आणि आता ती विवेकानंदर इल्लम म्हणून ओळखली जाते. १८७८ मध्ये कलकत्त्यात बेंगॉल आइस कंपनी निघाली, यंत्राचा बर्फ स्वस्त झाला आणि अमेरिकन तळ्यांचा बर्फ येणे थांबले. गोळा, बर्फ घातलेला उसाचा रस, पुण्याची मस्तानी हे सर्व त्यानंतरचे. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी अनेकांनी पेल्यात बर्फ पाहिला तो प्रौढपणी. सुश्रुतांच्या सात उपायांपासून इथपर्यंतच्या दीर्घ काळात सामान्य मराठी घरात बर्फ येऊन फार तर चार-पाच पिढ्या झाल्या आहेत.

अमेरिका, चीन, कोरिया

ज्या देशाने बर्फ निर्यात केला, त्याच देशात तो प्रथम घरोघर पोहोचला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन शहरांत बर्फवाला दूधवाल्यासारखा दारोदार येई आणि स्वयंपाकघरात बर्फाची पेटी असे. मद्यपानविरोधी चळवळीने सार्वजनिक ठिकाणी बर्फाच्या पाण्याच्या पाणपोया घातल्या, म्हणजे बर्फाचे पाणी हे तेथे संयमाचेही चिन्ह झाले. पुढे विजेची शीतकपाटे आली आणि फुकट बर्फ हा आतिथ्याचा भाग ठरला. त्याची परिसीमा म्हणजे २०१६ मध्ये स्टारबक्सविरुद्ध झालेला खटला. पेल्यात बर्फ फार घालून पेय कमी देतात, अशी तक्रार होती. बर्फ घातला की पेय कमी मावते हे लहान मुलांनाही कळते, अशा अर्थाचा अभिप्राय देऊन कॅलिफोर्नियातील न्यायालयाने ती फेटाळली.

चीनविषयी आपल्याकडे असे समजले जाते की, तेथील गरम पाणी ही हजारो वर्षांची परंपरा आहे. ते अर्धसत्य आहे. चिनी वैद्यकात थंड पेयाने प्लीहा व जठर यांची उष्णता क्षीण होते असा विचार आहे, आणि तो आपल्या अग्निमांद्याच्या विचाराशी जुळता आहे. परंतु त्याच देशात झोऊकालीन राजव्यवस्थेच्या ग्रंथात राजाच्या बर्फाची व्यवस्था पाहणारा अधिकारी वर्णिलेला आहे, आणि आंबट आलुबुखाराचे बर्फात गार केलेले पेय जुन्या पेकिंगमध्ये उन्हाळ्यात विकले जाई. गरम पाण्याची सवय सर्व थरांत रुजली ती विसाव्या शतकात. १९३४ मध्ये च्यांग कै-शेक यांनी सुरू केलेल्या नवजीवन चळवळीने पाणी उकळून पिण्याचा प्रचार केला. १९५२ नंतर साम्यवादी राजवटीने देशव्यापी आरोग्य मोहिमेत तोच पुढे नेला. शाळा, कारखाने, आगगाड्या येथे उकळत्या पाण्याचे नळ आले, थर्मास लग्नाच्या आहेरात दिला जाऊ लागला. अतिसार व विषूचिका टाळण्यासाठी सुरू झालेला हा आचार दोन पिढ्यांत सात्म्य झाला, आणि प्राचीन वैद्यकाने त्याला सिद्धांताचा आधार दिला.

सिद्धांत एक असला म्हणजे आचार एकच होतो असेही नाही, याचे उदाहरण कोरिया. तेथील वैद्यक चिनी परंपरेशी निकटचे आहे. उन्हाळ्याच्या सर्वांत तापत्या तीन ठरावीक दिवशी तेथील लोक जिनसेंग घातलेले कोंबडीचे वाफाळते सूप पितात. उष्णतेस उष्णतेने जिंकावे, हे त्यामागचे सूत्र. आणि याच देशात आजची तरुण पिढी भर हिवाळ्यात बर्फ घातलेली काळी कॉफी पिते. ‘गोठून मेलो तरी बर्फाचीच’ अशा अर्थाचा एक जोडशब्दही तेथे रूढ झाला आहे. थंडगार पाण्यातील शेवयांचा प्रसिद्ध पदार्थ तर मूळचा उत्तरेकडील हिवाळ्यातलाच. व्हिएतनाममध्ये रस्त्यावरच्या टपरीवर बर्फ घातलेला फिका चहा मिळतो. थायलंडमध्ये बिअरमध्येही बर्फ घालतात, जे पाहून जर्मन प्रवाशाला धक्का बसतो. जुन्या ग्रीक वैद्यकातही हिप्पॉक्रेटिसच्या नावावरील हवा, पाणी व स्थळांविषयीच्या ग्रंथात बर्फाचे पाणी वाईट म्हटले आहे. त्या वैद्यकाची छाया शतकानुशतके ज्या इटलीवर राहिली, तेथे जेवणानंतर बर्फगार पाणी पिण्याची भीती आजही घराघरांत आहे, आणि सिसिलीतील लोक सकाळच्या न्याहारीला बर्फाचा ग्रानिता खातात. असो.

ओकसात्म्य

ही सर्व वैचित्र्ये चरकाचार्यांना चकित करणारी नव्हती. चिकित्सास्थानाच्या शेवटच्या अध्यायात त्यांनी देशपरत्वे सात्म्याची यादीच दिली आहे. बाह्लीक, पह्लव, चीन, शूलीक, यवन व शक यांना मांस, गहू व माध्वीक, पूर्वेकडील लोकांना मत्स्य, सिंधुदेशीयांना दूध, अश्मक व अवंतीच्या लोकांना तेल व आंबट, मलयवासीयांना कंद, मुळे व फळे, दक्षिणेस पेया, वायव्येस मंथ, मध्यदेशास जव, गहू व गोरस. अश्मक म्हणजे आपला गोदावरीकाठ. तेल आणि आंबट यांविषयी मराठवाड्यातील वाचकांनी स्वतःच ठरवावे. या यादीचा हेतू केवळ माहिती देण्याचा नाही. औषध त्या त्या लोकांच्या सात्म्याशी जुळवून द्यावे, हा त्याचा निष्कर्ष आहे. विमानस्थानातील आठ आहारविधिविशेषायतनांत उपयोक्ता हा शेवटचा घटक असून ओकसात्म्य त्याच्या अधीन आहे, हे आपण सर्व जाणतो. परीक्षेत लिहितो, प्रश्नपत्रिकेबाहेर विसरतो.

तेव्हा जन्मापासून बर्फाचे पाणी पिणारा अमेरिकन, आणि वयाच्या तिसाव्या वर्षी तेथे जाऊन वर्षभरात ती सवय लागलेला सोलापूरचा अभियंता, हे दोघे या बाबतीत एक नव्हेत. पहिल्याला ते ओकसात्म्य आहे. व्याधी नसेल तर ते काढून घेण्याचे प्रयोजन नाही. दुसऱ्याला ते अद्याप सात्म्य झालेले नाही आणि त्याच्या प्रतिश्यायाचा, कंठशोथाचा विचार करताना त्याची नोंद हवी. त्याला काढावयाचे असल्यास पादांशिक क्रमाने काढावे. पहिल्या टप्प्यात चतुर्थांश बर्फ कमी, मधे काही दिवस स्थैर्य, मग आणखी चतुर्थांश. एका दिवसात ‘बंद’ म्हटल्याने काय होते हे वर आलेच आहे. उलटपक्षी मुलाकडे शिकागोला निघालेल्या आईवडिलांना पहिल्या दिवसापासूनच सावध करणे सोपे असते. ‘नो आइस’ हे दोन शब्द बहुतेकांनी आधीच पाठ केलेले असतात.

अग्नी म्हणजे चूल नव्हे

बर्फाने अग्नी विझतो हे वाक्य व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. त्यातील गणित एकदा मांडून पाहावे. १०० ग्रॅम बर्फ वितळून शरीराच्या तापमानास येण्यास सुमारे ११.७ किलोकॅलरी उष्णता लागते. माठातील २० अंशांच्या तितक्याच पाण्यास १.७. म्हणजे सुमारे सातपट. परंतु प्रौढ माणसाचा दिवसाचा एकूण उष्णताव्यय २००० किलोकॅलरींच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले तर पेलाभर बर्फाने शरीर थंडावते असे म्हणणे टिकत नाही. जाठराग्नी हे पचनाच्या सामर्थ्याचे नाव आहे, ते तापमापकाने मोजावयाचे नव्हे. त्याची हानी झाली की नाही हे जरणशक्ती, रुची, मलप्रवृत्ती यांवरून ठरवावे.

तरीही स्थानिक परिणाम खरे आहेत. गार द्रव पोटात गेल्यावर सुरुवातीस जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो, जठराचे तापमान पूर्ववत होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. जेवणाच्या मध्यात वा शेवटी बर्फगार शीतपेय पिऊन आध्मानाची तक्रार करणाऱ्यांत हे जमेस धरावे. अकॅलेशिया या अन्ननलिकेच्या विकारात थंड पाण्याने खालच्या द्वाराचा संकोच वाढतो आणि गरम पाण्याने आराम पडतो. अर्धावभेदकाच्या रुग्णांपैकी काहींना बर्फाचे पाणी पिताच शूळ उठतो. तमकश्वास, पीनस, आमवात यांविषयी वेगळे सांगावयास नको.

दुसऱ्या बाजूला, थंड स्पर्श जाणणारा ग्राहक २००२ मध्ये ओळखला गेला. तोच पुदिन्यातील मेंथॉलनेही उद्दीपित होतो. उष्णता व स्पर्श यांच्या ग्राहकांवरील या मालिकेच्या संशोधनास २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तोंडाला गारवा जाणवला की पाणी शोषले जाण्यापूर्वीच तृष्णा शमू लागते. उन्हात धावणाऱ्या खेळाडूंना स्पर्धेपूर्वी बर्फाचा चुरा देऊन शरीराचे तापमान आटोक्यात ठेवतात, तेही याच कारणास्तव चुकीचे म्हणता येणार नाही. श्रम, दाह, तृष्णा ही शीतजलाचीच स्थाने आहेत. मात्र उष्माघाताने शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. त्याचे अंग बाहेरून थंड करीत रुग्णालय गाठावे.

एका गोष्टीकडे मात्र वैद्यांचे पुरेसे लक्ष जात नाही. गारव्याने जिभेला गोडी कमी जाणवते. बाटलीबंद शीतपेयांत दर १०० मिलिलिटरला सुमारे १० ते ११ ग्रॅम साखर असते. ते पेय कोमट करून प्यावयास सांगितले तर बहुतेकांना अति गोड म्हणून घोटभरही जात नाही. बर्फ ही साखर झाकतो. मेदोरोगी वा प्रमेही रुग्णाच्या पेल्यातील अपथ्य शोधताना आपण बर्फाला धरतो आणि मुख्य आरोपी सुटतो. तसेच शीतस्पर्श आणि शीतवीर्य यांची गल्लत रुग्णांप्रमाणे आपणही करतो. फ्रिजमधले दही थंड लागले तरी वीर्याने उष्णच राहते, आणि गरम दूध शीतवीर्य सोडीत नाही.

प्रत्यक्षात विचारावयाचे

रुग्णपत्रिकेत ‘पाणी’ या सदरापुढे बहुधा फक्त प्रमाण लिहिले जाते. तेथे साधे, माठाचे, फ्रिजचे, बर्फाचे की गरम; जेवणाच्या आधी, मध्ये की नंतर; ही सवय किती वर्षांची आणि कोणत्या गावी लागली, एवढे लिहिण्यास अर्धे मिनिट पुरते. उकळून गार केलेले पाणी पित्तानुबंध असताना उत्तम, परंतु शिळे झाल्यास ते त्रिदोषकर सांगितले आहे. त्यामुळे तीन-तीन दिवसांचे उकळलेले पाणी फ्रिजमध्ये भरून ठेवणाऱ्यांना ते रोजचे रोज करावयास सांगावे. कोकणातील व मुंबईतील रुग्णास माठ पुरेसा गार होत नसेल तर त्यात वाळ्याची पुरचुंडी टाकून माठ वाऱ्याच्या तोंडी ठेवण्यास सांगावे, किंवा फ्रिजचे व साधे पाणी समभाग मिसळून द्यावे. पन्हे आणि कोकमाचे सरबत बर्फाशिवाय चांगले लागते. ताकाला तर बर्फाने चवच राहत नाही.

आणि ज्याला बर्फ द्यावयाचाच आहे, त्याला तो कशाचा आहे हे विचारावयास शिकवावे. मासळी व माल टिकविण्यासाठी केलेला बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. तो सरबताच्या गाड्यांवर जाऊ नये म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फात निळा रंग घालणे बंधनकारक केले. उन्हाळ्यात कामला आणि अतिसाराचे रुग्ण वाढतात, तेव्हा ‘बर्फ खाल्ला का’ यापुढे जाऊन तो गोळ्याच्या गाडीवरचा होता, रसवंतीगृहातला होता की घरच्या पाण्याचा, हेही विचारावे. रसवंतीत ‘बिनबर्फाचा द्या’ म्हटले तर रस तेवढ्याच पैशांत जास्तच मिळतो.